लग्नापुरतं सोडा

हळदीकुंकू मी आजवर बऱ्याच गोष्टींना लावलंय. नव्या ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, बोअरच्या मोटारीला, एकदा तर अंगणवाडीत आलेल्या वजनकाट्यालासुद्धा. पण कोर्टानं दखल घेतली ती एकाच हळदीकुंकवाची, जेसीबीच्या बकेटला लावलेल्या. त्या दोन बोटांपायी मी तालुक्याच्या कोर्टात सामनेवाला क्रमांक दोन झाले. क्रमांक एक माझे सासरे.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. सासूबाई गेल्यापासून रानातल्या घरात मामा आणि मी, दोघंच. नवरा संभाजीनगरला कंपनीत. सणाला येतो, आणि एरवी घरातली भांडणं फोनवर ऐकून 'जमवून घे' म्हणतो. जमवून घ्यायला ती काय गोधडी आहे? गोधडीचे तुकडे तरी शिवताना गप पडून राहतात.

मामांना एकच भाऊ, धाकले मामा. त्यांचं घर आमच्या मागच्या रानात. गावाकडून येणारा रस्ता आधी आमच्या दाराशी येतो, मग बांधाबांधानं त्यांच्या दाराशी जातो. आजेसासऱ्यांनी जिवंतपणीच दोघांना रान वाटून दिलं, विहिरीच्या पाळ्या ठरवून दिल्या, बांधावरचा आंबासुद्धा एक साल याचा, एक साल त्याचा असा लावून दिला. फक्त देव वाटले नाहीत, कारण देव वाटत नसतात. कुळाचे चांदीचे टाक थोरल्याच्या देव्हाऱ्यात राहतात. धाकल्याच्या घरी लग्न निघालं की थोरल्यानं ते ताम्हणात घ्यायचे, अनवाणी, स्वतःच्या हातानं तिकडं न्यायचे, मग तिथं देवक बसतं, मग हळद, मग लग्न. थोरल्यानं देव नेले नाहीत तर लग्न लागत नाही असं नाही, पण ते लागलेलं भावकीत कुणी धरत नाही.

आणि धाकल्या मामांना एकच लेक. मामांना पोरगी नाही, त्यामुळं ती अर्धी आमचीच. लहानपणी मामांच्या खांद्यावरून उतरायची नाही म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती, आणि शाळेतून आल्यावर आधी आमच्या घरी भाकरी खाऊन मग स्वतःच्या घरी जेवायला जायची. मामांना ती मोठेबाबा म्हणायची.

आता भांडण कशावरून झालं ते सांगायला मला लाज वाटते, इतकं ते फालतू. धाकल्या मामांच्या कापसाची ट्रॉली बांधावरून जाताना तिचं मागचं चाक घसरलं आणि मामांच्या हरभऱ्यात गेलं. बरं, गेलं तर गेलं. मामा म्हणाले, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का? आता बाप दोघांचा एकच. धाकले मामा म्हणाले, व्हय, बापाचाच हाय. यात चुकीचं कुणीच काही बोललं नव्हतं, पण तेवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी मामांनी बांधावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. धाकल्या मामांनी त्या ओढून काढल्या. मामांनी परत टाकल्या. असं चाललं महिनाभर, आणि मग धाकले मामा कोर्टात गेले.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात ती अडचण नव्हती.

कोर्टानं मनाई हुकूम दिला. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत मामांनी रस्ता अडवायचा नाही. बेलिफ येऊन हुकूम देऊन गेला, मी त्याला पाणी दिलं. मामांनी तो कागद घडी करून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, आता ह्याच्यावर बी रोज दिवा लाव.

दोन्ही घरं तारखेला जायची ती एकाच काळ्यापिवळीनं. दुसरी जीप वेळेत पोचतच नाही, करणार काय. मामा पुढं ड्रायव्हरजवळ, धाकले मामा पार मागच्या बाकावर. एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण गाडी सुटायच्या आधी मामा मागं न बघता ड्रायव्हरला विचारायचे, सगळे बसले का बे? सगळे म्हणजे कोण, ते ड्रायव्हरला माहीत होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात दोघं दोन टेबलांवर. धाकले मामा पोटाचे नाजूक, लहानपणापासून. त्यांनी भजी मागवली की मामा आपल्या टेबलावरून हॉटेलवाल्याला दटवायचे, त्याला भजी देऊ नको, त्याला सोसत न्हाई, शिरा दे. हॉटेलवाला बिचारा शिरा द्यायचा. धाकले मामा निमूट खायचे आणि आत जाऊन वकिलाला सांगायचे की हा माणूस मला जगू देत नाही.

असंच चाललं असतं तर काही बिघडलं नसतं. निम्मा जिल्हा असाच तारखांवर जगतोय. पण एका बाजाराच्या दिवशी धाकले मामा तलवाड्याला गेलेले बघून मामांनी जेसीबी बोलावला. मी अंगणवाडीतून आले तर यंत्र दारात उभं, मामा नवं धोतर नेसून तयार, हातात नारळ. मी विचारलं, हे काय? म्हणाले, बांधावर चर मारायचाय, आडवा. मी म्हटलं, मामा, कोर्टाचा कागद हाय. म्हणाले, कागदात काटं टाकू नको म्हणून लिहिलंय, म्या कुठं काटं टाकतोय? कागदात तसं काही नव्हतं. कागदात अडवू नका असं होतं, कशानंही. पण मामांनी तो वाचला कुठं होता, त्यांनी त्याच्यावर दिवा लावला होता.

जेसीबीवाला नारळ फोडल्याशिवाय मातीला हात लावीना. आमच्या भागात हे यंत्र आता बैलाच्या वरचं आहे. त्याच्यावर चढून पुढाऱ्यांवर फुलं उधळतात, त्याच्यापुढं वाढदिवसाचे केक कापतात. त्याला कोरडं कसं चालवायचं? मामा म्हणाले, घरातली सवाष्ण एकच, ये, कुंकू लाव. मी काय करणार होते? कोर्टाचा अवमान करते म्हणून नाही म्हणू? मला तरी कुठं ठाऊक होतं की हळदीकुंकवानं अवमान होतो. लावलं. मामांनी नारळ फोडला. चर मारून झाला आणि मग त्यांनी जेसीबीवाल्याच्या हातात आपला मोबाईल दिला आणि फोटो काढायला लावला. बकेटवर हळदीकुंकू, शेजारी ताट घेतलेली मी, पुढं फुटका नारळ हातात धरून ताठ उभे मामा, मागं उकरलेला बांध. तो फोटो त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकला. चोर चोरी करून पळून जातो, आमचे मामा चोरी करून सत्कार करून घेत होते. त्या ग्रुपमध्ये धाकले मामाही होते. बाजारातच त्यांनी तो बघितला, आणि भाजी न घेताच वकिलाकडं गेले.

मनाई हुकूम मोडल्याचा अर्ज लागला. आमच्या वकिलांनी मामांना समोर बसवून सांगितलं की यात कोर्ट दिवाणी तुरुंगात टाकू शकतं, वर मालमत्ता जप्त करू शकतं, म्हणजे ज्या रानासाठी भांडताय तेच. मामांनी विचारलं, आणि सून? वकील म्हणाले, फोटोत आहे ना. मी घरी येऊन भांडी आपटली. एकेक करून, सगळी.

आता खरी गंमत पुढं. तो चर कुणी बुजवायचा नव्हता. मामा बुजवणार नव्हते कारण तो त्यांचा होता. आणि धाकल्या मामांना त्यांच्या वकिलानं बजावलं होतं की चराला हात लावू नका, तो पुरावा आहे. म्हणजे ज्याचा रस्ता अडला तो माणूसच चर राखायला लागला. त्यांच्या घरची माणसं नाल्याच्या कडेनं वळसा घालून, चिखल तुडवत गावाला जायची, पण चरात एक ढेकूळ पडू द्यायची नाहीत. पावसाळ्यात तो गाळानं भरत आला तर धाकले मामा खोरं घेऊन उतरले आणि गाळ काढून पहिल्यासारखा केला. मामा आमच्या बाजूला काठी टेकून उभे. थोडा वेळ बघितलं आणि वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाले, काही लोकांना चर राखायचं बी कळत न्हाई, वरच्या अंगानं ढासळलाय. धाकल्या मामांनी वरच्या अंगानं दुरुस्त केला. मी अंगणवाडीतल्या लेकरांना चांगलं वागायला शिकवून घरी येते आणि हे बघते. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

त्यातच नणंदेचं, म्हणजे धाकल्या मामांच्या लेकीचं, लग्न जमलं. मुलगा चौसाळ्याकडचा, नोकरीवाला, माणसं चांगली. सुपारी फुटली त्या संध्याकाळी ती वळसा घालून आमच्याकडं आली, पायाला चिखल तसाच. मामा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मोठेबाबा, देव तुमीच आणायचे. तुमी आणले न्हाई तर मी हळद लावून घेणार न्हाई."

"आणतो की," मामा म्हणाले. "त्यात कोर्ट कुठं आलं?"

पोर हसत गेली. मला मात्र ते तेवढं सोपं वाटेना, कारण कोर्ट कुठंही येतं. तारीख काढताना भटजींनी पंचांग बघितलं, पाहुण्यांनी सुट्ट्या बघितल्या, आणि कोर्टाची तारीख कुणीच बघितली नाही. धाकल्या मामांच्या डोक्यात कोर्ट आणि लग्न ही दोन वेगळी रानं होती. आणि खरं सांगायचं तर इतके दिवस कोर्टात नुसत्या तारखा पडत होत्या. आज काही होईल असं कुणाला वाटणार? आमच्याकडं माणूस कोर्टात जातो तो काही व्हावं म्हणून नाही, दुसऱ्याला चैन पडू नये म्हणून जातो.

पण नव्या न्यायाधीश बाई आल्या होत्या. माझ्याहून वयानं लहान असतील. त्यांनी फाईल वाचली होती, ही पहिली अडचण. फोटो वर धरून त्यांनी मामांना विचारलं, हे तुमच्या हातात काय आहे? मामा म्हणाले, नारळ. हुकूम मिळाला होता का? मिळालता. मग? मामांनी माझ्याकडं बघितलं. मग बाईंनीही बघितलं. मी अंगणवाडीत आहे म्हटल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मुलांना काय शिकवता? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला समज देऊन सोडलं. मामांना त्यांनी संधी दिली, चांगली दोन आठवड्यांची. लेखी माफी द्या, चर बुजवून रस्ता पहिल्यासारखा करा, विषय संपला.

मामा माफीला तयार होते. कोर्टाची शंभरदा मागतो म्हणाले, कोर्टानं माझं काय घोडं मारलंय? पण चर बुजवायला नाही. वकिलांनी समजावलं, मी समजावलं, नवऱ्यानं फोनवरून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मामांचं एकच, "खणताना गावादेखत नारळ फोडलाय. आता बुजवताना कुणाच्या नावानं फोडू?"

मुदत संपली. बाईंनी हुकूम केला, एक महिना दिवाणी तुरुंग. त्यात आणखी एक कलम निघालं. आत टाकायला लावणाऱ्यानंच आतल्याच्या जेवणाचा भत्ता आधी भरायचा. धाकले मामा हे ऐकून पांढरे पडले, त्यांनी आपल्या वकिलाकडं असं बघितलं की हे आधी का नाही सांगितलं बे. मामांचं तोंड मात्र पहिल्यांदा उजळलं. त्यांना बीडला नेताना मी रडत होते आणि ते मला सांगत होते, बरं झालं, त्याच्या घरचं जेवून लई दिवस झालते.

लग्न त्याच महिन्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकल्या आत्याबाई, म्हणजे धाकल्या मामांची बायको, नाल्याच्या वळशानं आमच्या दारात. बसल्या, पदर तोंडाला लावला, आणि रडायला लागल्या. पोरगी जेवत नाही म्हणाल्या. मोठेबाबांनी देव आणले तरच हळद लावून घेईन म्हणून अडून बसलीय, आणि बापाशी एक शब्द बोलत नाही. पाहुण्यांना काय सांगायचं? नवरीचा थोरला चुलता कुठंय विचारलं तर काय, जेलात आहे? कुणी टाकला? आम्हीच. मी म्हटलं, आत्याबाई, आधी हुकूम मागायचा आणि मग देव मागायचे, हे वरातीमागून घोडं झालं. बोलले खरी, पण मला त्या बाईची दया आली. आणि पोरीची जास्त आली. दोन म्हाताऱ्यांच्या आडमुठेपणात तिची काय चूक? मी म्हटलं, मामांना बाहेर काढायचं फक्त एकाच माणसाच्या हातात आहे, आणि तो तुमच्या घरात झोपतो.

मग धाकले मामा कोर्टात गेले. मीही गेले. त्या दिवशी काळीपिवळीत पुढची सीट मोकळी होती, धाकले मामा तिथं बसले नाहीत. मागंच बसले. आणि जीप सुटताना ड्रायव्हरनं सवयीनं मागं बघितलं, पण सगळे बसले का म्हणून विचारायला कुणी नव्हतं.

कोर्टात त्यांचा वकील उभा राहिला आणि म्हणाला की घरात लग्नकार्य आहे, तरी सामनेवाल्यास सोडण्यात यावं. बाईंनी चष्मा काढला. धाकल्या मामांनाच विचारलं, यांना आत टाका म्हणून अर्ज कुणी केला होता? म्या, साहेब. आता सोडा म्हणून कोण म्हणतंय? म्या, साहेब.

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"लग्नापुरतं सोडा, साहेब," धाकले मामा म्हणाले. "मग लगेच परत घ्या."

सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदार हसले, पट्टेवाला भिंतीकडं तोंड करून हसला. मलाही हसू आलं, आणि लगेच रडूही आलं, कारण तो माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसंच हवं होतं. देव न्यायला भाऊ बाहेर हवा होता आणि हरभऱ्याच्या भांडणासाठी आत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कोर्ट म्हणजे मंडपवाल्याचं दुकान नाही, दोन दिवसांसाठी माणूस न्या आणि परत आणून टाका. हुकूम रस्ता खुला व्हावा म्हणून होता. रस्ता खुला झाला असेल तर त्यांना आत ठेवण्यात अर्थ नाही, मी आज सोडते. झाला नसेल तर महिना पुरा होईल. झालाय का खुला?

चर तिथंच होता. सकाळीच ते त्याला वळसा घालून आले होते, मी ओट्यावरून बघितलं होतं. त्यांच्या चपलेला अजून माती होती.

धाकले मामा खाली बघत राहिले. त्यांचा वकील हळूच काहीतरी कुजबुजला, बहुतेक सांभाळून म्हणाला असेल. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "झालाय, साहेब. बुजवलाय. आता तक्रार न्हाई."

बाईंनी ते लेखी मागितलं. पुरसीस म्हणतात तिला, कोर्टाला लिहून दिलेलं निवेदन. धाकल्या मामांनी सही केली. बाई म्हणाल्या, हे खोटं निघालं तर आत तुम्ही जाल, कळतंय ना? आणि लग्न झाल्यावर बेलिफ जागेवर येऊन बघेल. ते हो म्हणाले. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते, सामनेवाला क्रमांक दोन, आणि तोंडातून ब्र काढला नाही. परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, आज जाऊन बुजवून टाका. ते म्हणाले, तुझ्या सासऱ्यानं नारळ फोडून खणलेला हाय, त्याच्या मागं म्या कसा बुजवू? त्याला काय वाटंल? मी कपाळाला हात लावला. हे दोघं एकाच आईच्या पोटचे यात मला त्या दिवसानंतर शंका राहिली नाही.

बीडला मामांना आणायला मी गेले. तिथं दारात नवाच तमाशा. सुटकेचा हुकूम वाचून दाखवला, त्यात रस्ता खुला झाल्यानं सोडण्यात येत आहे असं होतं. मामा भडकले. माझा चर कुणी बुजवला? त्याच्या मेहरबानीवर म्या बाहेर येत न्हाई, महिना पुरा करणार. तुरुंगातले साहेब शांत माणूस होते. त्यांनी सांगितलं की आजोबा, बाहेर जायचं हा पण कोर्टाचाच हुकूम आहे. मामांनी विचारलं, आणि तो मोडला तर? साहेब म्हणाले, मोडायला तुम्हाला आत राहावं लागेल, आणि आत राहू द्यायची मला परवानगी नाही. मामांनी बराच विचार केला. जन्मात पहिल्यांदा त्यांना न मोडता येणारा हुकूम भेटला होता. मग पिशवी उचलली.

वाटेत चराबद्दल त्यांनी मला दहा वेळा विचारलं, कुणी बुजवला, कवा बुजवला, माती कुठली टाकली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग ते डाळीवर घसरले. आतल्या डाळीत नुसतं पाणी, त्यात मिरची, पोटात आग पडती म्हणाले. मला वाईट वाटलं. हा माणूस दगड पचवणारा, आणि पार सुकून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना देव न्यायचे होते. मामांनी अंघोळ केली, टाक ताम्हणात घेतले, वर नवं लाल कापड घातलं. भावकीतले पाच-सात जण, पुढं हलगी, मागं मी निरांजन घेऊन. पलीकडं धाकल्या मामांच्या दारात मांडव, आणि बांधावर अर्ध्या वाटेत धाकले मामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. देव आणणाऱ्याचे पाय धाकल्यानं धुवायचे असतात. त्यांच्या मागं मांडवात नणंद पिवळं पातळ नेसून उभी होती, कोरडीच, अजून हळद न लागलेली.

मामा तरातरा चालत आले आणि चराच्या काठावर थांबले.

चर होता तसा होता. वरच्या अंगानं नीट राखलेला. हलगीवाल्याचा हात थांबला. मामांनी आधी चराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी निरांजनाकडं बघितलं. मग त्यांनी पलीकडं बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भावाशी थेट बोलले.

"कोर्टाला कुणी सांगितलं बुजला म्हणून?"

"म्या," धाकले मामा म्हणाले.

"लिहून दिलंस?"

"दिलं."

"अन् खोटं निघालं तर?"

धाकल्या मामांनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बोलायची गरजच नव्हती, सगळ्या भावकीला कायदा पाठ होता. मामांच्या हातात आता देवही होते आणि भाऊही. बेलिफ येईपर्यंत त्यांनी काही केलं नाही तरी पुरे होतं. इतके दिवस हाच तर डाव त्यांना हवा होता. देव परत नेले तर लग्न गेलं, आणि चर तसाच राहिला तर धाकले मामा गेले. पलीकडं पोरगी मांडवाच्या मेढीला धरून उभी होती, रडत नव्हती, नुसती मोठेबाबांकडं बघत होती.

मामा चरात उतरले. म्हातारा माणूस, हातात ताम्हण, पाय अनवाणी, पण कुणाला हात लावू दिला नाही. खालून त्यांनी ताम्हण वर केलं.

"तांब्या ठेव," ते म्हणाले. "देव धर."

धाकल्या मामांनी तांब्या ठेवला आणि वाकून दोन्ही हातांनी ताम्हण घेतलं. आम्हाला वाटलं, आता मामा पलीकडं वर चढतील. पण मामा वर गेलेच नाहीत. मागं वळून मला म्हणाले, खोरं आण. मी धावत गेले आणि आणलं. त्यांनी धोतर वर खोचलं आणि काठाची माती चरात ओढायला सुरुवात केली. भावकीतले दोघं पुढं झाले तर त्यांना हटकलं, नंतर हात लावा, पहिलं खोरं माझं. नारळ कुणाच्याही नावानं फोडला नाही.

"दादा," धाकले मामा म्हणाले, "तू कावून बुजवतो? मी बुजवलं असतं."

मामांनी खोरं थांबवलं नाही.

"म्या आत जाऊन आलोय," ते म्हणाले. "तिथली डाळ लई वाईट हाय. तुला न्हाई सोसायची."

नंतर सगळेच उतरले. ज्याला जे मिळालं त्यानं माती ओढली, हलगीवाल्यानंसुद्धा हलगी बाजूला ठेवली. एकटे धाकले मामा काठावर उभे होते. उचललेले देव मांडवात पोचेपर्यंत खाली ठेवता येत नाहीत. दोन्ही हातांत ताम्हण, तोंडावरून पाणी गळतंय, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही.